लॉकडाऊनमध्ये बाकीच्या विषाणूंचं काय झालं? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाच्या दोन वर्षांत फ्लू गेला कुठे, डेंग्यू कमी का झाला, आणि नंतर सगळ्यांना एकदम ताप का आले, हे प्रश्न मला अजूनही विचारले जातात. कधी वर्गात, कधी एसटीच्या रांगेत, कधी आरती झाल्यावर पडवीत बसलेलं असताना. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा सगळी एकत्र लिहून ठेवते आहे. यातून एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं: विषाणू कोणत्या वाटेने फिरतो, श्वासाने, डासाने की गोचिडीने, यावर लॉकडाऊनमध्ये त्याचं काय झालं ते ठरलं. सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

लॉकडाऊन कोरोनासाठी होता. बाकीच्या विषाणूंवर त्याचा परिणाम का व्हावा?

कारण कित्येकांची वाट तीच होती. २२ मार्च २०२० ला प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या. त्याच सुमारास बंद झालेली आंतरराष्ट्रीय विमानांची नियमित वाहतूक थेट २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी लागली. शाळा, बाजार, लग्नं, जत्रा सगळं थांबलं आणि तोंडावर मास्क आला. खोकल्या-शिंकण्यातून जाणाऱ्या प्रत्येक विषाणूची वाट त्यामुळे अडली.

मग कोरोना पसरत राहिला आणि फ्लू का थांबला? कोरोना नवा होता, त्याच्याशी झुंजायची तयारी कोणाच्याच शरीरात नव्हती. फ्लू जुना पाहुणा. बहुतेकांना तो पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असतो, म्हणून एक रुग्ण सरासरी एखाद-दीड माणसालाच तो देतो. एवढी बारीक साखळी असेल तर भेटीगाठी थोड्या कमी झाल्या तरी ती तुटते. शिवाय एका विषाणूच्या लागणीने शरीर सावध झालं की दुसऱ्याला काही दिवस आत शिरणं अवघड जातं, हाही त्यातला एक भाग.

आकडाच सांगते. एप्रिल ते जुलै २०२० म्हणजे दक्षिण गोलार्धातला फ्लूचा हंगाम. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत मिळून ८३,३०७ नमुने तपासले गेले. फ्लू निघाला ५१ जणांत. त्याआधीच्या तीन वर्षांत याच महिन्यांत शंभरातले साधारण १४ नमुने फ्लूचे निघत होते.

विषाणूची 'जनुकीय विविधता' म्हणजे काय?

फ्लूच्या विषाणूची सगळी माहिती आरएनए नावाच्या रेणूच्या आठ तुकड्यांवर साधारण साडेतेरा हजार अक्षरांत लिहिलेली असते. आपल्या पेशीत शिरून तो या अक्षरांच्या नकला काढतो आणि नक्कल करताना चुकतो. चूक दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. बहुतेक चुका त्यालाच मारक ठरतात, काही निरुपद्रवी असतात आणि एखादी त्याच्या फायद्याची निघते. अशा चुका साठत साठत एकाच विषाणूच्या शाखा, उपशाखा तयार होतात. एखाद्या वेळी जगात अशा किती शाखा एकत्र फिरत आहेत, आणि त्या एकमेकींपासून किती दूर गेल्या आहेत, ती त्याची विविधता.

आता रुग्णसंख्या एकदम घसरली की काय होतं? पूर्वी आपल्याकडे एकाच घरी मुणगा, वालय, पाटणी, सोरटी अशा निरनिराळ्या भातांचं बियाणं पेंढ्याच्या मुड्या (गाठोडी) बांधून ठेवलेलं असे. एखाद्या पावसात घरात पाणी शिरलं आणि एकच मुडी वाचली, तर पुढच्या वर्षी शेत पुन्हा हिरवं होतं, पण सगळं त्या एकाच जातीचं. ती जात सगळ्यांत चांगली होती म्हणून वाचली असं नाही. ती मुडी उंचावर टांगलेली होती म्हणून वाचली. विषाणूंचंही तसंच झालं. लॉकडाऊनमधून ज्या शाखा पार झाल्या, त्यांतल्या काही निव्वळ योगायोगाने योग्य ठिकाणी होत्या, आणि पुढच्या साथी त्यांच्याच वंशातून उभ्या राहिल्या.

फ्लूचा एक प्रकार जगातून नाहीसा झाला म्हणतात. खरं आहे का?

हो, आणि या सगळ्या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना हीच आहे.

माणसांत दरवर्षी फिरणारे फ्लू चार होते. 'ए' गटातले दोन: एच१एन१ (२००९ मध्ये स्वाइन फ्लू म्हणून आलेला, आता मोसमी झालेला) आणि एच३एन२. 'बी' गटातले दोन: बी/व्हिक्टोरिया आणि बी/यामागाता. 'बी' गटातली ही दोन घराणी १९८० च्या दशकात वेगळी झाली. यामागाता हा जपानमधला प्रांत. तिथल्या १९८८ च्या एका नमुन्यावरून हे नाव पडलं.

या बी/यामागाताची निसर्गात झालेली, खात्रीने सिद्ध झालेली लागण मार्च २०२० नंतर जगात कुठेही सापडलेली नाही. अधूनमधून एखाद्या प्रयोगशाळेतून 'यामागाता सापडला' अशी नोंद यायची. खोलात गेल्यावर बऱ्याचदा असं निघायचं की त्या व्यक्तीने नाकात फवारायची जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस नुकतीच घेतली होती आणि तोच विषाणू चाचणीत दिसला होता.

चारांतला हाच का गेला? तो आधीच अडचणीत होता. २०१७-१८ च्या हंगामात त्याची मोठी लाट येऊन गेली, त्यामुळे पुष्कळ लोकांत त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झाली होती. पुढच्या दोन हंगामांत तो फारसा दिसला नाही. २०१९-२० ला 'बी' गटात व्हिक्टोरियाचंच राज्य होतं. यामागाता बदलतोही सावकाश, म्हणजे जुन्या प्रतिकारशक्तीला चकवा देणारी नवी रूपं तो लवकर काढत नाही. व्हिक्टोरिया लहान मुलांत जास्त रमतो, यामागाता त्या मानाने मोठ्या वयाच्या माणसांत. आणि 'ए' गटाला पक्षी-डुकरांसारखे मोठे आसरे आहेत, तसा 'बी' गटाला माणसाबाहेर आधार जवळपास नाही. अशा ओहोटीला लागलेल्या घराण्यावर २०२० ची टाळेबंदी येऊन पडली. माझ्या मते लॉकडाऊनने त्याला एकट्याने संपवलं असं म्हणणं बरोबर नाही. पण लॉकडाऊन नसता तर तो सावरला असता, असं मानायला पुष्कळ जागा आहे, कारण याआधीही तो मागे पडून पुन्हा वर आलेला होता.

मग आता फ्लूची लस बदलली का?

बदलली. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की लसीत बी/यामागाता ठेवण्याची आता गरज नाही. अमेरिकेत २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्या फ्लूच्या लसी तीन घटकांच्या आहेत. तुमच्या डॉक्टरांकडे चार घटकांची लस असेल तर ती घेतल्याने नुकसान काही नाही. चौथा घटक फक्त बिनकामाचा आहे. साठीपुढचे, दमा-मधुमेह असलेले, गरोदर बायका यांनी तीन की चार यात अडकून न राहता लस वेळेवर घ्यावी.

नाहीसा झालेला विषाणू परत येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि एकदा आलेला आहे. १९५७ मध्ये नवा फ्लू आला आणि त्याने तेव्हाचा एच१एन१ जगातून हटवला. वीस वर्षं तो कुठेच नव्हता. १९७७ मध्ये तो अचानक परतला. त्याची अक्षरं वाचल्यावर लक्षात आलं की १९५० च्या सुमाराच्या विषाणूशी तो जवळजवळ हुबेहूब जुळतो. माणसांत फिरत असता तर वीस वर्षांत तो कितीतरी बदलला असता. म्हणजे तो कुठेतरी गोठवलेल्या अवस्थेत होता आणि प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या एखाद्या चाचणीतून बाहेर पडला, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. तेव्हा आजारी पडले ते मुख्यतः पंचविशीच्या आतले, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या जन्मानंतर हा विषाणू जगात फिरलाच नव्हता.

यामागाताचे नमुनेही जगभरच्या शीतकपाटांत आहेत. जितकी वर्षं जातील तितकी त्याला कधीही न भेटलेली मुलं वाढत जातील. म्हणून लसीतून त्याला काढण्यामागे हाही विचार होता की कारखान्यांत त्याला विनाकारण मोठ्या प्रमाणात वाढवत राहू नये.

बाकीच्या फ्लूंच्या विविधतेचं काय?

एच३एन२ चं उदाहरण घ्या. कोरोनाच्या आधी त्याच्या कितीतरी शाखा एकाच वेळी फिरत होत्या, आणि लसीसाठी कोणती निवडायची यावर तज्ज्ञांची डोकेफोड चाले. २०१९-२० च्या उत्तर गोलार्धाच्या लसीत त्यांनी ३सी.३ए या शाखेतला विषाणू निवडला होता. महामारीनंतर पाहावं तर ती अख्खी शाखाच गायब. जे उरलं ते दुसऱ्या शाखेच्या एक-दोन फांद्यांवरचं. २०२१-२२ च्या उत्तर गोलार्धाच्या लसीसाठी निवडलेला एच३एन२ हा कंबोडियातल्या २०२० च्या नमुन्यातला होता, यावरूनच तेव्हा हा विषाणू कुठे तग धरून होता ते कळतं.

पण ही घट कायमची नव्हती. सीमा उघडल्या, रुग्ण वाढले, की नकला वाढतात, चुका वाढतात आणि नव्या फांद्या फुटतात. २०२५ च्या अखेरीला जपान आणि ब्रिटनमध्ये फ्लूचा हंगाम लवकर सुरू झाला तो एच३एन२ च्याच 'के' नावाच्या नव्या उपशाखेमुळे. विविधतेची रिकामी जागा विषाणू पुन्हा भरून काढतो. गेलेली शाखा मात्र तीच परत येत नाही.

सगळं बंद असताना फ्लू जिवंत राहिला कुठे? आपल्याकडे?

आपल्याकडेही. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात विषाणूंची अक्षरं आणि विमान प्रवासाचे आकडे एकत्र ठेवून हे पाहिलं गेलं. कडक निर्बंधांच्या काळात जगाच्या बहुतेक भागांत फ्लूची ये-जा आटली. 'ए' गटाच्या बाबतीत दक्षिण आशिया आणि बी/व्हिक्टोरियाच्या बाबतीत पश्चिम आशिया हे अपवाद राहिले. कारण समजायला कठीण नाही. दाट वस्ती, एका खोलीत पाच-सहा माणसं, घरी बसणं न परवडणारे कामगार. युरोपात साखळी तुटली, इथे ती बारीक होऊन का होईना चालत राहिली.

हे वाचून कुणी आपल्या लोकांना दोष देऊ नये. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला घरात कोंडून विषाणू थांबवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चाकरमानी, बोटीवरचे खलाशी, बागेतले नेपाळी कामगार यांच्या येण्याजाण्याचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. कोकण हा आडवळणाचा प्रदेश आहे असं आपणच म्हणतो, पण विषाणूच्या दृष्टीने पाहिलं तर इथे वर्षातून तीनदा मोठी भरती येते: शिमगा, मे महिना आणि गणपती. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट साधारण जुलै ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत येते आणि गणपती नेमके त्यातच. मुंबईच्या लोकलमध्ये रोज अंगाला अंग लावून फिरणारा माणूस रात्रभर भरलेल्या गाडीतून येतो, घरात तीन पिढ्या एका छपराखाली जमतात आणि भजनाला सगळी वाडी एका पडवीत बसते. शहरातल्या चार शाखा एका आठवड्यात चार वाड्यांत पोहोचायला एवढं पुरेसं आहे.

२०२० चा शिमगा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, टाळेबंदीच्या तोंडावर झाला. त्या वर्षीचे गणपती २२ ऑगस्टला होते. खासगी गाडीने येणाऱ्यांना ई-पास लागे आणि आल्यावर १० दिवसांचं विलगीकरण होतं. अनेकांनी दीड दिवसातच विसर्जन केलं, पुष्कळ जण आलेच नाहीत. बाहेरून शाखा येण्याची वाट इतकी अरुंद झाल्यावर जे उरतं ते स्थानिक साखळीवर अवलंबून, आणि लहान वस्तीत फ्लूची साखळी फार काळ टिकत नाही. दीडशे उंबऱ्यांच्या गावात ज्यांना व्हायचा त्यांना होऊन जातो आणि विषाणूला पुढचं माणूस मिळत नाही. म्हणून गावातली विविधता ही मुख्यतः बाहेरून येणारी विविधता असते.

मिरकरवाड्यासारख्या बंदरांचं आणि हापूसच्या बागांचं चित्र थोडं निराळं. बोटींवर खलाशी म्हणून आणि बागांत राखणीला नेपाळहून माणसं येतात, हंगाम संपला की परत जातात. तीसुद्धा विषाणूची लांब पल्ल्याची वाट आहे. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी संपून बोटी पुन्हा समुद्रात उतरतात तो काळही पावसाळी फ्लूचाच. एका बोटीवर आठ-दहा माणसं दिवसच्या दिवस एकत्र जेवतात-झोपतात, त्यात एकाला ताप असला की बाकीच्यांचं काय होणार ते कुठल्याही तांडेलाला विचारावं. या माणसांकडे 'रोग आणणारे' म्हणून बघणं मला पटत नाही. त्यांच्याकडे लस आणि तपासणी आधी पोहोचायला हवी, एवढाच यातून निघणारा निष्कर्ष आहे.

लहान मुलांना होणाऱ्या आरएसव्हीचं काय झालं?

आरएसव्ही तान्ह्या बाळांची छाती भरवतो. धाप, घरघर, दूध न ओढणं ही त्याची लक्षणं. त्याचे ए आणि बी असे दोन गट आहेत. विषाणूंच्या इतिहासात याची एक सुरेख खूण आहे: 'ए' गटातल्या एका शाखेत एका जनुकातला ७२ अक्षरांचा तुकडा चुकून दोनदा लिहिला गेला. २०१० मध्ये कॅनडातल्या आँटेरिओत ती पहिल्यांदा सापडली आणि काही वर्षांत तिने जगातल्या जुन्या 'ए' शाखांची जागा घेतली. 'बी' गटातही १९९९ मध्ये ब्यूनस आयर्समध्ये ६० अक्षरांची अशीच पुनरावृत्ती सापडली होती. एवढ्या स्पष्ट खुणा असल्यामुळे शाखांचा माग काढणं सोपं जातं.

ऑस्ट्रेलियात २०२० च्या हिवाळ्यात आरएसव्ही दिसलाच नाही. मग तो त्यांच्या वसंतात आणि उन्हाळ्यात, भलत्याच वेळी उसळला. शास्त्रज्ञांनी त्याची अक्षरं वाचली तेव्हा आधीच्या बहुतेक शाखा गळून गेलेल्या होत्या आणि ७२ अक्षरांची खूण असलेल्या 'ए' गटाच्या मोजक्या फांद्यांनी सगळी साथ घडवली होती. विविधता कशी आकसते याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पण अमेरिकेत २०२२ मध्ये रुग्णालयं भरून गेली तेव्हा उलटं दिसलं. तिथे एकच नवी जहाल शाखा नव्हती. महामारीच्या आधीपासूनच्या अनेक शाखा एकत्र फिरत होत्या. मग लाट एवढी मोठी का? मधल्या दोन वर्षांत जन्मलेली बाळं या विषाणूला कधी भेटलीच नव्हती, आणि आयांच्या अंगातली प्रतिपिंडंही (अँटीबॉडी) ओसरली होती. आजाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे विषाणू बदलला, असं गृहीत धरू नये.

मग सर्दी तेव्हाही होत होती, ती कशी?

ती बहुधा ऱ्हायनोव्हायरसची. त्याच्यावर चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि सॅनिटायझर त्याला तितका लवकर मारत नाहीत. पृष्ठभागावर तो टिकतो आणि लहान मुलांत लक्षणं नसतानाही फिरतो. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. त्या गर्दीतून काही गळाले तरी बाकीचे होतेच.

डेंग्यू डासांनी होतो. लॉकडाऊनचा त्याच्याशी काय संबंध?

डास स्वतः फार लांब उडत नाही. डेंग्यूचा विषाणू गावोगाव नेतो तो माणूस. त्यामुळे प्रवास थांबला की चार प्रकारांच्या डेंग्यूची देवाणघेवाण कमी होते. देशात २०२० ला डेंग्यूच्या ४४,५८५ रुग्णांची नोंद झाली, २०२१ ला १,९३,२४५. २०२० ला लोक दवाखान्यात कमी गेले, चाचण्या कमी झाल्या, हे लक्षात घेऊनही घट बरीचशी खरी होती. लॅटिन अमेरिका आणि आग्नेय आशियाच्या आकड्यांवरून संशोधकांनी अंदाज केला की २०२० मध्ये तिथे अपेक्षेपेक्षा सुमारे ७ लाख २० हजार रुग्ण कमी झाले.

मात्र सिंगापूरने उलटा अनुभव घेतला. २०२० मध्ये तिथे ३५ हजारांहून अधिक रुग्ण, तोवरचा उच्चांक. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा आणि घरात चावतो. माणसं दिवसभर घरात थांबली तर त्याला आयतंच रक्त. शाळा-कचेरीत डास जास्त असतील तर टाळेबंदीचा फायदा होतो, घरातच असतील तर तोटा. रायगडात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर पट्ट्यातली छपरं उडवली आणि कितीतरी घरांवर पावसाळाभर ताडपत्र्या होत्या. ताडपत्रीच्या खोळीत साठलेलं पाणी, परसातल्या करवंट्या, उघडी पिंपं, डासाला याहून वेगळं काही लागत नाही. माणसाचं फिरणं थांबवणारा आदेश त्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही.

सिंधुदुर्गातल्या माकडतापाची विविधता लॉकडाऊनने कमी झाली का?

नाही, आणि ती का नाही हे समजून घेतलं तर हा सगळा विषय समजतो.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. आपल्याकडे २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात आणि मग बांद्याच्या परिसरात त्याचे रुग्ण दिसू लागले. हा विषाणू जंगलात गोचिडी, उंदीर-घुशींसारखे लहान प्राणी आणि माकडं यांच्यात फिरतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात. काजू वेचायला, जळणाची फाटी आणायला, गुरं चारायला गेलेल्या माणसाला त्या चावतात. डिसेंबर ते मे हा त्यांचा हंगाम, म्हणजे नेमका काजूचा.

माणसाला ताप येतो, डोकं आणि अंग विलक्षण दुखतं, काहींना रक्तस्राव होतो. पण विषाणूची वाट तिथेच संपते. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. त्यामुळे माणसं घरात बसली काय आणि बाहेर पडली काय, जंगलातल्या विषाणूच्या शाखांना काहीच फरक पडत नाही. माणसाच्या वावरातला फरक फक्त रुग्णांच्या आकड्यात दिसेल. शिवाय मार्च-एप्रिल २०२० मध्ये शेतीच्या कामांना मुभा होती, आणि काजू काही टाळेबंदी संपेपर्यंत झाडावर थांबत नाही. लोक बागेत जातच होते. या विषाणूची विविधता बदलते ती जंगल तुटलं, माकडांचे कळप सरकले, गुरांबरोबर गोचिडी नव्या रानात गेल्या तर.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, त्या जागेवरून जाऊ नका आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

आणि लेप्टो?

लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूचा आजार, विषाणूचा नव्हे. उंदरांच्या मुतातून भातशेतीच्या चिखलात येतो. लावणी थांबली नाही, तोही थांबला नाही.

गोवराचे प्रकार कमी झाले असं वाचलं. ते लॉकडाऊनमुळे?

थोडं लॉकडाऊनमुळे, बरंचसं लसीमुळे. गोवराच्या विषाणूचे २४ जनुकीय प्रकार माहीत आहेत. लसीकरणामुळे गेली वीस वर्षं ते एकेक करून कमी होत होते आणि २०२१ पासून जगात बी३ आणि डी८ हे दोनच सापडतात. आपल्या देशात मुख्यतः डी८. लॉकडाऊनने कदाचित शेवटचा धक्का दिला असेल.

पण त्याच लॉकडाऊनमध्ये लसीकरणाची सत्रं चुकली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली, मुलं दगावली. प्रकार दोनच उरले म्हणून आजार सौम्य झाला नाही. एक चांगली बाजू: गोवराची लस सगळ्या प्रकारांवर चालते, त्यामुळे ९ महिने पूर्ण झाल्यावरचा आणि १६ ते २४ महिन्यांमधला, असे दोन्ही डोस झालेत का एवढं घरोघरी पाहिलं तरी काम होतं.

२०२३ च्या सुरुवातीला खोकला महिनाभर जात नव्हता. तो लॉकडाऊनने घडवलेला नवा विषाणू होता का?

नवा नव्हता. डिसेंबर २०२२ च्या मध्यापासून मार्चपर्यंत देशात एच३एन२ जोरात होता, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही ते तेव्हा सांगितलं. दोन-तीन वर्षं पुष्कळांची त्याच्याशी गाठ पडली नव्हती, त्यामुळे प्रतिकारशक्ती मंदावलेली, शाळा पूर्ण उघडलेल्या, मास्क गेलेले. त्यात लॉकडाऊनमधून पार झालेली शाखा जुन्या लसीतल्या शाखेहून वेगळी. ही सगळी कारणं एकत्र आली. कोरोनाच्या लसीमुळे हे झालं असंही मला पुष्कळांनी विचारलं आहे. त्याला काही आधार नाही.

विविधता कमी झाली तर चांगलंच नाही का?

लसीपुरतं चांगलं. शाखा कमी असल्या की नेमकी लस निवडता येते. पण विविधता कमी असणं म्हणजे विषाणू दुबळा असणं नव्हे. एकच शाखा उरली आणि ती जोमाची असली तर सगळीकडे तीच. दुसरं असं की एखादा विषाणू बरीच वर्षं कमी फिरला तर त्याच्याशी कधीच न भेटलेल्या मुलांची संख्या वाढते आणि पुढची लाट मोठी येऊ शकते. चांगलं-वाईट असा एका शब्दात निकाल मी देणार नाही.

तेव्हा सगळ्या प्रयोगशाळा कोरोनात गुंतल्या होत्या. विविधता कमी झाली, की कमी तपासली म्हणून कमी दिसली?

हा फार चांगला प्रश्न आहे, आणि मी विद्यार्थ्यांना सगळ्यांत आधी हाच विचारते. दोन्ही झालं. यामागाताच्या बाबतीत शंका उरलेली नाही, कारण नंतरच्या वर्षांत जगभर फ्लूचे प्रचंड नमुने तपासले गेले आणि तो कुठेच निघाला नाही. पण लहानसहान शाखांबद्दल बोलताना नकाशात कोरे भाग आहेत हे विसरता येत नाही, आणि किनारपट्टीची खेडी त्या कोऱ्या भागात येतात.

एका नमुन्याचा प्रवास बघा. नाकातून-घशातून घेतलेला बोळा गुलाबी द्रवाच्या नळीत टाकतात, काडी खुणेवर मोडतात, झाकण घट्ट लावतात, नळीवर नाव-तारीख लिहून ती तीन आवरणांत गुंडाळून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात ठेवतात. डबा २ ते ८ अंशांत राहायला हवा. मे महिन्यात एखाद्या आडगावातून तो डबा घाट चढून जाईपर्यंत बर्फ वितळला तर नळीतला आरएनए तुटतो. मग चाचणीत 'आहे की नाही' एवढं कदाचित कळतं, पण सगळी अक्षरं वाचता येत नाहीत. २०२० च्या सुरुवातीला आपल्याकडचे नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. जिल्ह्यात आरटीपीसीआरची सोय झाली ती कोरोनामुळेच.

नमुने नीट गेले तर काय दिसू शकतं हे आपण पाहिलं आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोरोनाच्या डेल्टा प्लस या नव्या रूपाचे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले, त्यांतले ९ रत्नागिरी जिल्ह्यातले. संगमेश्वर तालुक्याचं नाव तेव्हा देशभर गेलं आणि लोकांना वाटलं की हा विषाणू इथेच जन्मला. तसं मानायला आधार नव्हता. इथले नमुने अक्षरं वाचायला पाठवले गेले, म्हणून तो इथे दिसला. ज्या तालुक्यातून नमुनेच गेले नाहीत तिथे तो नव्हता असं कोणीच म्हणू शकत नाही.

डॉक्टरांनी तापात नाकातला नमुना मागितला तर द्यावा का? त्याचा मला काय उपयोग?

जरूर द्यावा. फ्लू असल्याचं लवकर कळलं तर विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू करता येतं. दमेकरी, गरोदर आणि वयस्क माणसांना त्याचा मोठा फायदा होतो. डेंग्यूसाठी रक्ताची चाचणी लागते, नाकाची नाही, त्यामुळे दोन्ही सांगितल्या तर दोन्ही करा. निवडक नमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळांत जातात आणि तिथे वाचलेली अक्षरं पुढच्या वर्षीच्या लसीच्या निवडीत धरली जातात. ताप सुरू झाल्यापासून तीन-चार दिवसांच्या आत नमुना दिला तर विषाणू भरपूर सापडतो. आठवड्याने दिला तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. बाहेरून प्रवास करून आला असाल, बोटीवर होता किंवा रानात गेला होता, तर ते नमुना घेणाऱ्याला आपणहून सांगा. त्याच्या अर्जात तो रकाना असतो आणि तो बहुतेक वेळा रिकामाच राहतो.